लपविलेला रोगी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. शाळेच्या पुस्तकांतही त्यांनाच मानाचे पान मिळते. परंतु सामान्य माणसाच्या आयुष्याचा इतिहास जाणून घ्यावयाचा असेल, तर सिंहासनांकडे पाहून भागत नाही. त्यासाठी गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही उघडावी लागते. किती मुले पाळण्यातच गेली, किती बाळंतिणी दगावल्या, कोणत्या साली घरेच्या घरे ओस पडली, हे तिथे लिहिलेले असते. त्या नोंदवहीची पाने उलटीत गेले असता गेल्या सव्वाशे वर्षांत घडलेली एक विलक्षण क्रांती दृष्टीस पडते. ती कोणा एका सेनापतीने केलेली नाही. म्हणूनच तिचा जयजयकारही फारसा कोणी केलेला नाही.

श्रोतेहो, १९११ ते १९२१ ह्या दशकात हिंदुस्थानात जन्मास येणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान अवघे वीस वर्षांच्या आसपास होते. ह्याचा अर्थ सारी माणसे विशीत मरत असा नव्हे. मुले इतकी मरत, की जगलेल्या म्हाताऱ्यांची वर्षे त्यांत मिळवूनही सरासरी विशीच्या पुढे सरकत नसे. १९२१ च्या शिरगणतीत तर देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. आपल्या शिरगणतीच्या इतिहासात असे एकदाच घडले. आज आपल्या देशाचे सरासरी आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे. साऱ्या जगाचा हिशेब मांडला तरी चित्र असेच दिसते. १९०० च्या सुमारास जगाची सरासरी तिशीच्या थोडी पुढे होती, १९५० साली ती सेहेचाळीस-सत्तेचाळीस झाली आणि आज ती त्र्याहत्तरच्या आसपास आहे.

मृत्यू असा मागे सरला, हे खरे. परंतु ज्या माणसाला आपण पटकी, प्लेग आणि देवी ह्यांच्या तावडीतून सोडविले, त्याचे मन सुखी आहे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर तितके समाधानकारक नाही. शरीराचे रोग ज्या वाटेने मागे हटले, त्या वाटेवर मनाच्या रोगांविषयीचा एक धडा पडलेला आहे. तो उचलावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

त्यासाठी प्रथम १८९६ सालच्या मुंबईत जाऊ. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागातील रोग्यांना तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगश ह्या मूळच्या गोव्यातील हडफडे येथील डॉक्टरांनी हा रोग गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. रोग कळला, पण त्यापाठोपाठ जे घडले ते रोगाहून कमी भयंकर नव्हते. १८९७ च्या आरंभी सरकारने साथरोगांचा कायदा केला. घरोघर झडत्या सुरू झाल्या. ज्याच्या अंगी ताप दिसेल त्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्या माणसांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्यात येऊ लागले. पुण्यात हे काम गोऱ्या सोजिरांकडे सोपविले गेले. देवघरापासून माजघरापर्यंत बूट वाजू लागले. त्या संतापाचा स्फोट २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाला, हे सर्वांच्या परिचयाचे आहे.

ह्या इतिहासातील एक गोष्ट मात्र रँडच्या खुनाच्या झाकोळात राहून जाते. ती म्हणजे लोकांनी रोगी लपविले. गाठ आलेल्या मुलाला आईने कणगीआड निजविले. प्रेत रात्रीच्या अंधारात गुपचूप हलविले गेले. झडतीवाले येताच तापाने फणफणलेला माणूस भिंतीला टेकवून बसविण्यात आला. असे का घडावे? लोक अडाणी होते, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ते अर्धसत्य आहे. लोकांना रोगाचे भय होतेच; पण त्याहून मोठे भय उपचाराचे होते. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, छावणीत गेलेल्या बाईची अब्रू राहत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, तो ह्या भयापोटीच. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात दंगल उसळली, तिचे निमित्त काय होते? जुलाह्यांच्या, म्हणजे मुसलमान विणकरांच्या, एका घरातून बारा वर्षांच्या आजारी मुलीला हलविण्याचा तपासनिसांनी केलेला प्रयत्न. आमच्या वडगाव-शहापुरात पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसणारी घरे आहेत. आपल्यासारख्याच विणकराच्या ओसरीवर हा प्रसंग घडला, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या बापाचे मन आपल्याला कळू शकते.

लपविलेला रोगी घरात राहिला आणि साथ पसरत गेली. १८९७ साली ती आपल्या बेळगावातही येऊन पोहोचली आणि पुढे वर्षानुवर्षे फिरून फिरून येत राहिली. घरात उंदीर पडू लागले की माणसे गाव सोडून माळावर आणि शेतात झोपड्या घालीत, ह्या आठवणी आमच्या भागातील जुन्या घरांतून कालपरवापर्यंत सांगितल्या जात. पंचवीस वर्षांत ह्या एका रोगाने देशात सुमारे एक कोटी माणसे नेली.

ह्या अंधारातही रोग्याला उजेडात आणणारी माणसे होती. सावित्रीबाई फुले ह्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात पोहोचविले. त्यातच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. ज्या दिवसांत सारे गाव रोगी लपवीत होते, त्या दिवसांत एका वृद्ध स्त्रीने भर रस्त्याने रोगी पाठीवरून नेला. त्या कृतीचा अर्थ ह्यातच आहे.

दुसरीकडे वाल्देमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ह्यालाही अर्थ आहे. दुसऱ्याच्या दंडात सुई खुपसण्यापूर्वी त्याने आपला दंड पुढे केला. सोजिरांची सक्ती फसली, हे सरकारलाही उमगले आणि १८९८ च्या अखेरीपासून ती सैल होत गेली. ह्याच सुमारास आपल्या शेजारच्या हुबळीसारख्या गावात हजारो लोकांनी लस टोचून घेतली. लस घेणाऱ्याला विलगीकरणाच्या जाचातून सूट मिळे, हेही त्याचे एक कारण होते. प्लेग पुढे ओसरला तो केवळ लशीने नव्हे, त्याला इतरही कारणे होती. परंतु उपचाराचे भय कमी झाल्यावाचून लोक उपचाराकडे फिरकत नाहीत, हा धडा त्या दोन वर्षांत पुरता मिळाला.

बेळगावकरांना ह्या धड्याची एक खूण रोज दिसते. टिळकवाडीतील ‘व्हॅक्सिन डेपो’ ह्या झाडीच्या मैदानात सकाळी फिरावयास जाणाऱ्या कितीजणांना त्या नावाचे मूळ ठाऊक असेल? विसाव्या शतकाच्या आरंभापासून तिथे देवीची लस तयार होत असे आणि ती मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी जात असे. देवी अंगात आल्या म्हणजे ओटी भरून, कडुलिंबाचा पाला पसरून स्वस्थ बसणारा समाज हळूहळू लस टोचणाऱ्याला ओसरीवर पाट देऊ लागला. १९१८ च्या मानमोडीच्या तापाने पुन्हा एकवार हाहाकार केला. देशात एक कोटीहून अधिक माणसे त्यात गेली. तरी पुढची वाट उतरणीची नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर लागलीच धारवाड व कारवार जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन ह्यांच्या देखरेखीखाली घरोघर डीडीटी फवारून हिवताप हटविण्याचा मोठा प्रयोग झाला आणि १९५३ साली त्याला राष्ट्रीय मोहिमेचे रूप आले. १९७५ च्या मे महिन्यात आपल्या देशातील देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. शुद्ध पाणी, पोटभर अन्न आणि गुणकारी औषधे ह्या साऱ्यांचा वाटा त्यात आहे. पण त्या सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. रोग मोजला गेला, रोगी उघड झाला आणि उपचार त्याच्या दारापर्यंत चालत आला.

आता मनाच्या रोगांकडे वळू. येथे इतिहास नेमका उलट्या दिशेने चालला. आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर धारवाडला १८४५ साली वेड्यांचे इस्पितळ निघाले. मुंबईत कुलाब्याला त्याच्याही आधीपासून असे इस्पितळ होते. पुढे रत्नागिरी, ठाणे, येरवडा येथेही ती उभी राहिली. त्यांतून काम करणारी कित्येक माणसे दयाळू होती, ह्यात शंका नाही. परंतु ह्या संस्थांची कल्पनाच मुळी भिंतीची होती. वेडा माणूस समाजाच्या वाटेतून दूर ठेवावा, हा १८५८ च्या कायद्याचा रोख होता. १९१२ च्या कायद्यानेही रोग्याला आत घालण्याचे दार बहुधा न्यायाधीशाच्या हुकुमाचे ठेवले आणि तो कायदा थोडाथोडका नव्हे, १९९३ पर्यंत चालला. १९२० च्या सुमारास दारावरील पाटी बदलून ‘मनोरुग्णालय’ झाली. भिंत होती तिथेच राहिली. १९४६ साली भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हा साऱ्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. म्हणजे चाळीस हजार माणसांमागे एक.

ह्याचा परिणाम काय झाला? महाराष्ट्रात जशी येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी ही नावे थट्टेची झाली, तसे आपल्या सीमाभागात धारवाडचे नाव झाले. विद्येचे माहेरघर म्हणून ज्या नगरीचा लौकिक, तिचे नाव घेऊन एखाद्याला ‘तिकडे पाठवा’ म्हटले की चारचौघांत हशा पिकतो. ज्या घरात खरोखरच असा रोगी आहे, त्या घराला तो हशा कसा ऐकू येत असेल? त्या घराने मग तेच केले, जे १८९७ साली प्लेगच्या घरांनी केले. रोगी लपविला. मुलीचे लग्न जमावयाचे आहे म्हणून भाऊ लपविला, घराण्याला बट्टा नको म्हणून सून माहेरी धाडली. कोणी गाणगापूरच्या वाऱ्या केल्या, कोणी अंगारे-धुपारे केले. श्रद्धेने मनाला धीर येतो, हे मी नाकारीत नाही. पण धीर हा औषधाला पर्याय नव्हे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका झोपडीवजा निवासाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही. लपविलेल्या रोग्याची परिसीमा ती हीच.

वास्तविक ह्या भिंतीला खिंडारे पाडणारी माणसेही आपल्यातच झाली. गोव्यातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले आबे फारिया १८१३ साली पॅरिसमध्ये संमोहनावर व्याख्याने देत होते. ही निद्रा संमोहकाच्या कोणा गूढ शक्तीने येत नाही, ती समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनातून येते, असे त्यांचे सांगणे होते. म्हणजे रोग्यावर जबरदस्ती करून काही साधत नाही. त्याचे मन आपल्या बाजूस यावे लागते. पणजीला त्यांचा पुतळा आहे. जाणारे-येणारे तो पाहतात आणि पुढे जातात. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बसू ह्यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावरील गुण शास्त्रीय नियतकालिकातून मांडला. १९५२ पासून पॅरिसमध्ये नवी औषधे निघाली आणि वर्षानुवर्षे कोंडलेली माणसे घरी जाऊ लागली. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर ह्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रोग्याच्या नातेवाइकांना त्याच्याजवळ राहावयास बोलाविले. श्रोतेहो, तंबू तेच होते. १८९७ च्या तंबूंनी रोगी आणि त्याचे घर ह्यांची ताटातूट केली. अमृतसरच्या तंबूंनी त्यांना एकत्र आणले. एका तंबूची धास्ती वाटे, दुसऱ्यातून माणसे बरी होऊन घरी जात.

पुढे आपल्याच राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ पासून बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व सेवकांना मनोविकार ओळखण्याचे शिक्षण दिले आणि मोजक्या औषधांच्या बळावर गावोगावी उपचार होऊ शकतात, हे दाखविले. देशभरच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला त्याचाच आधार मिळाला. गोव्यात ‘संगाथ’ ह्या संस्थेने सामान्य माणसांना समुपदेशनाचे शिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत बसविले. सरकारी केंद्रांत येणाऱ्या रोग्यांना त्याचा स्पष्ट गुण आला, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसले. भिंतीआडचा उपचार दारी येऊ शकतो, ह्याची ही दोन उदाहरणे आपल्या उंबरठ्यावरची आहेत.

तरीही आजचे आकडे मन विषण्ण करणारे आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशातील प्रौढांपैकी दर शंभरात दहाहून अधिकजणांना कोणता ना कोणता मनोविकार होता आणि त्यांपैकी बहुसंख्यांना कसलाही उपचार मिळत नव्हता. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत सुमारे दोनतृतीयांश माणसे १८ ते ४५ ह्या वयातील होती. सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, २२,७४६. कर्नाटकाचा १३,६०६. ज्या वयात पूर्वी प्लेग आणि मानमोडी माणूस नेत असे, त्याच वयात आता माणूस स्वतःच्या हाताने जात आहे. जगभर पंधरा ते एकोणतीस वयाच्या तरुणांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत आत्महत्या मोडते.

मनोविकार पूर्वी नव्हते आणि ते आधुनिक काळाने आणले, असे कोणी म्हणतात. ते पूर्णांशाने खरे नाही. ज्या वयात मनाचे पुष्कळसे विकार प्रकट होतात, त्या वयापर्यंत पूर्वी मुळात पुष्कळ माणसे पोहोचतच नसत आणि जी पोहोचत त्यांचे दुःख कोणी मोजीत नसे. मृत्यू मागे सरला, म्हणून मन पुढे दिसू लागले. मात्र एकटेपणा, कर्ज, व्यसन आणि बेकारी ह्यांनी आजच्या मनावर जे ओझे घातले आहे, तेही खोटे नाही. २०२० साली करोना आला, तेव्हा १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झाला आणि पुन्हा एकदा लोकांनी ताप लपविला. साथीच्या पहिल्या वर्षात जगात चिंता व नैराश्य ह्यांचे प्रमाण सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोंदविले आहे. आमच्या वडगावात त्या दिवसांत मागांचा खडखडाट थांबला होता. ज्या गल्लीत त्या आवाजावाचून कोणाला झोप लागत नाही, तिथे शांतता पसरली आणि विणलेल्या साड्यांचे ढीग घरात पडून राहिले. विणकरांच्या आत्महत्यांच्या बातम्या त्यानंतर ह्या परिसरातून येत राहिल्या. त्या घरांत आधी कित्येक दिवस कोणीतरी जेवत नव्हते, कोणीतरी रात्रभर जागे होते. ते दिसले नसेल काय? दिसले असेल, पण त्याला आजार म्हणावयाचे असते, हे कोणी सांगितले नव्हते.

कायदा आता शहाणा झाला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला पूर्वी गुन्हेगार मानीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरले आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तो जुना गुन्हा त्या रूपात उरलेला नाही. धर्मानेही आपले मन मोठे केले आहे. आमच्या कॅथलिक समाजात बुद्धिपुरस्सर आत्महत्या करणाऱ्याला १९१७ च्या धर्मसंहितेनुसार ख्रिस्ती दफनविधी नाकारला जात असे. १९८३ च्या संहितेत ती बंदी राहिली नाही. दुःखाने मोडलेल्या माणसाच्या घराला आणखी शिक्षा देऊ नये, एवढे शहाणपण कायद्याला आणि धर्माला आले. ते आता आळीला यावयाचे आहे.

सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू केली आहे. तिथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही. सीमेचा वाद त्या तारेवर नाही. परंतु कोणताही क्रमांक स्वतः होऊन वाजत नाही. घरातील कोणीतरी तो फिरवावा लागतो आणि त्यासाठी घरात आजारी कोण आहे, हे आधी मान्य करावे लागते. शेजारच्या घरातील तरुण महिनाभर ओसरीवर दिसला नाही, तर ‘काय रे, बरा आहेस ना?’ एवढे विचारावयास पदवी लागत नाही. व्हॅक्सिन डेपोची लस गावोगावी पोहोचली, कारण लोकांनी दार उघडले. मनाच्या औषधालाही त्याच दाराने आत यावयाचे आहे. प्लेगच्या काळी रोगी लपविणाऱ्या आईला आपण आज दोष देत नाही. सोजिराच्या भीतीने तिने तसे केले. आज सोजीर गेले, छावण्या उठल्या. मग आपण कोणाच्या भीतीने लपवितो? शेजाऱ्यांच्या. आणि ते शेजारी म्हणजे दुसरे कोणी नव्हे, आपणच आहोत.